ऑक्सिजनचं पुढे काय होतं?

मंडळी, बरेच दिवसांनी लिहितोय. इथे करडीला रोवणीचे दिवस आहेत. गावात दिवसा माणूस दिसत नाही आणि रात्री वीज राहत नाही. काल ती राहिली म्हणून ही नोंद.

आमच्या शेजारच्या घरी नात दहावी पास झाली. तिचे आजोबा परवा ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "गुरुजी, पोरीले सायन्स जमन का जी? का आर्टच बरं?" मी लगेच उत्तर दिलं नाही. याच प्रश्नाला मी पूर्वी एकदा चटकन उत्तर दिलं होतं, ते आठवलं.

मी मराठी माध्यमातला बी.ए. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचो. मध्ये दोन वर्षं विज्ञानाचे शिक्षक मिळेनात, म्हणून आठवी-नववीचं विज्ञान माझ्या गळ्यात पडलं. मी पुस्तक पाठ करून वर्गात जायचो. "तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र आहे." पोरं वहीत लिहायची, मीही त्यांच्याइतकाच निश्चिंत असायचो. एके दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, आत गेलेल्या ऑक्सिजनचं पुढे काय होतं?" मी म्हणालो, "त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. बस खाली." ती बसली नाही. "पण तो आत भेटतो कुणाला?" मी म्हटलं, "परीक्षेला येत नाही ते."

वर्ग हसला. मीही हसलो.

पुढे तिच्या वडिलांनी मला हेच विचारलं, जे परवा आजोबांनी विचारलं. मी म्हणालो, कशाला सायन्स, लांब जावं लागेल, आर्टला घाला. त्यांनी घातलं. बारावीनंतर लग्न झालं. माझं उत्तर चुकलं होतं, दोन्ही वेळा. हे कळायला मला सत्तरी गाठावी लागली.

झालं असं की १८ जून २०२३ ला माझ्या नातीने मोबाइल पुढे केला. गूगलच्या पानावर एका बाईंचं चित्र होतं. "आबा, या कोण माहीत आहेत का? कमला सोहोनी." मला माहीत नव्हत्या. माहेरच्या भागवत, असं ती म्हणाली तेव्हा मी चमकलो. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण! मराठीचा मास्तर मी, 'ऋतुचक्र' शिकवलेला, १९७५ च्या कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाईंनी आणीबाणीविरुद्ध आवाज उठवला हे पोरांना अभिमानाने सांगितलेला. आणि त्याच घरातली दुसरी मुलगी मला ठाऊक नाही!

मग वाचायला लागलो. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी झालेली ही मुलगी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज करते. संचालक साक्षात सर सी. व्ही. रामन. मुलींना प्रवेश नाही, असं उत्तर येतं. मुलगी हटत नाही, कारण विचारायला जाते, सत्याग्रहाची भाषा करते. शेवटी प्रवेश मिळतो, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणणार नाही, काम पाहून ठरवू. तिचं काम पाहिल्यावर मात्र रामन यांनी संस्थेची दारं मुलींना उघडली.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तिथे रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतीच्या पेशीत सायटोक्रोम सी सापडलं. प्राण्यांच्या पेशीतलं ते आधीच माहीत होतं. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. प्रबंध म्हणे जेमतेम चाळीस पानांचा. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांत त्यांचं नाव येतं.

आता हे सायटोक्रोम सी म्हणजे काय, हे समजून घेताना मला माझ्या विद्यार्थिनीचं उत्तर मिळालं. थोडं धीराने वाचा, मलाही धीरच लागला.

आपण खाल्लेला भात पचून त्याचं ग्लुकोज होतं. पेशीत त्याचे तुकडे होतात. कार्बन डायऑक्साइड इथेच सुटतो, आणि त्यातला ऑक्सिजन अन्नातला आणि पाण्यातला असतो, श्वासातला नव्हे. तुकड्यांतून निघालेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावर या प्रथिनाकडून त्या प्रथिनाकडे दिले जातात. बांधकामावर बाया रांगेत उभ्या राहून घमेली पुढे देतात ना, तसं. सायटोक्रोम सी हा त्या रांगेतला शेवटून दुसरा हात. त्यात लोह असतं. तो इलेक्ट्रॉन शेवटच्या प्रथिनाला देतो आणि तिथे उभा असतो श्वासातला ऑक्सिजन. तो इलेक्ट्रॉन घेतो, हायड्रोजन घेतो आणि त्याचं पाणी होतं.

म्हणजे ऑक्सिजन आत जाऊन पाणी होतो, बाई. तुला तेव्हा सांगायला हवं होतं.

मग ऊर्जा कुठे गेली? इलेक्ट्रॉन हातोहात जाताना त्या जोरावर हायड्रोजनचे प्रभारित कण पडद्याच्या पलीकडे ढकलले जातात आणि तिथे तुंबतात. हे पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलं, तेव्हा पुष्कळांना पटलं नाही. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. भंडाऱ्याच्या माणसाला मात्र ते पटायला वेळ लागू नये. आपल्याकडे बोडी असते, पाळ असते. पाण्याला एकच वाट ठेवायची आणि त्या वाटेवर चाक बसवायचं, की चाक फिरणारच. पेशीत असं खरोखर फिरणारं चाक आहे. एका फेऱ्यात एटीपीचे तीन रेणू तयार होतात. ते कसं चालतं, हे उलगडल्याबद्दल १९९७ मध्ये बॉयर आणि वॉकर यांना नोबेल मिळालं. ऑक्सिजनविना एका ग्लुकोजपासून दोनच एटीपी हाती लागतात, ऑक्सिजन असला की तीस-बत्तीस. जुन्या पुस्तकांत अडतीस असायचे.

आणि पाळीला मुद्दाम भोक पाडलं तर? चाक न फिरता नुसती उष्णता निघते. नवजात बाळाच्या अंगात अशी खास चरबी असते, तीच त्याला ऊब देते.

पऱ्हे टाकण्याआधी आपण धान भिजवून पोत्यात बांधतो. दुसऱ्या दिवशी पोत्यात हात घातला की गरम लागतं. ते धान श्वास घेत असतं. कमलाबाईंनी बटाट्यात जे शोधलं तेच त्या पोत्यात चाललेलं असतं, हे मी वर्गात एकदाही सांगितलं नाही. पोतं तर प्रत्येक पोराच्या घरी होतं.

तर माझं मत असं. आपण म्हणतो, खेड्यातल्या मुलांना विज्ञान जड जातं. मला वाटतं, जड जातो तो न समजलेल्या मास्तरने दिलेला शब्द. 'ऊर्जाकेंद्र' हे काही उत्तर नव्हे, फक्त नाव आहे. आणि दुसरं म्हणजे, रामन यांचा नकार इतिहासात नोंदला गेला, कारण ते मोठे होते आणि ती मुलगी हटली नाही. माझ्यासारख्यांचे नकार कुठेच नोंदले जात नाहीत. आम्ही 'नाही' म्हणत नाही, 'कशाला' म्हणतो. काळजीच्या सुरात म्हणतो, म्हणून त्याच्याविरुद्ध सत्याग्रहही करता येत नाही. दार दोन्हीकडे लागतंच.

आज संध्याकाळी मी स्वतः शेजारी गेलो. आजोबांना म्हटलं, सायन्सलाच घाला. जमेल की नाही ते पोरगी ठरवेल, आपण नाही. ती आतून ऐकत होती. बाहेर आली आणि म्हणाली, "गुरुजी, अडलं तर तुम्हाला विचारू?"

म्हटलं, विचार. मला येत नसेल तर तसं सांगीन, आणि मग दोघं मिळून शोधू.

हे वाक्य वर्गात म्हणायचं राहून गेलं होतं. असो. तुमच्यापैकी कुणाला असा एखादा 'कशाला' आठवतो का, दिलेला किंवा घेतलेला? जरूर कळवा.