शहराचा खर्च कोणाच्या बांधीतून?

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा, कोरची, एटापल्ली, भामरागड यांसारख्या तालुक्याच्या गावांना २०१५ च्या सुमारास नगरपंचायतीचा दर्जा मिळाला. ग्रामपंचायतीच्या पाट्या उतरल्या, नगराध्यक्षांच्या खुर्च्या आल्या. परंतु दर्जा बदलल्याने नळाला पाणी येत नाही आणि सांडपाण्याची गटारेही बांधली जात नाहीत. त्यासाठी पैसा लागतो आणि या नगरपंचायतींची स्वतःची मिळकत नाममात्र आहे. सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघू लागले, कोनसरीला पोलादाचा कारखाना आला, नागपूर–चंद्रपूर आणि भंडारा–गडचिरोली द्रुतगती मार्गांचे आराखडे तयार झाले. वस्ती वाढणार, जमिनीचे भाव चढणार, हे उघड आहे. अशा वेळी रिकाम्या तिजोरीवरचा रामबाण उपाय म्हणून नगरनियोजनकार देशभर एकच मात्रा सुचवीत आहेत. तिचे नाव भूसंचय.

ही मात्रा नवी नाही. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या प्रयत्नाने १९०२ साली यासंबंधीचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचनेचा कायदा करण्यात आला; पुढे १९५४ चा मुंबई नगररचना अधिनियम आणि १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम यांनी तीच परंपरा चालवली. तत्त्व साधे आहे. वेड्यावाकड्या आकाराच्या शेतजमिनी एकत्र करावयाच्या, त्यांतून रस्ते, उद्याने, शाळा, दवाखाने यांसाठी जागा काढावयाची, काही भूखंड विकून खर्च भागवावयाचा आणि उरलेली जमीन आखीव भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत करावयाची. जमीन कमी झाली तरी तिचा भाव वाढलेला असतो. या मूल्यवाढीच्या निम्म्यापर्यंत अंशदान मालकाकडून वसूल करण्याची तरतूदही १९६६ च्या कायद्यात आहे.

या तत्त्वाला समाजवाद्यांनी विरोध करण्याचे कारण नाही. रस्ता सार्वजनिक पैशाने होतो आणि शेजारच्या जमिनीचा भाव मालकाने बोटही न हलवता दुप्पट होतो, ही अनर्जित मूल्यवाढ समाजाची आहे. ती समाजाकडे परत आणण्याचे जे थोडे मार्ग भांडवलशाही कायद्याच्या चौकटीत उपलब्ध आहेत, त्यांपैकी हा एक आहे. भूसंपादनात शेतकरी कायमचा हुसकावला जातो; येथे तो निदान कागदावर तरी भागीदार राहतो. म्हणून भूसंचय हवा की नको, असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. जमीन कोण देतो, वाढलेले मूल्य कोण घेतो आणि निर्णय कोण करतो, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न हिशेबाचा. पनवेलजवळच्या नैना क्षेत्रात मूळ जमिनीच्या ४० टक्के इतका भूखंड शेतकऱ्याला परत मिळतो. म्हणजे एक एकर देणाऱ्याच्या हाती सोळा गुंठे उरतात. त्याचे नुकसान होऊ नये यासाठी जमिनीचा भाव किमान अडीचपट व्हावा लागतो, आणि अंशदान, वाट पाहण्याचा काळ, बुडालेली पिके यांचा हिशेब धरला तर त्याहूनही अधिक. मुंबईच्या दारात भाव अडीचपट होणे अवघड नाही. तरीही तेथील शेतकऱ्यांनी या योजनेविरुद्ध आवाज उठवलाच. धानोऱ्याच्या किंवा कोरचीच्या बाजारात सोळा गुंठ्यांच्या निवासी भूखंडाला गिऱ्हाईक कोठून येणार? ज्या बांधीत वर्षाचे धान पिकते, तिच्या बदल्यात आखीव भूखंड मिळाला तर त्यावर ना रोवणी होते, ना त्याचे भाडे येते. भूखंड खाता येत नाही. अडचणीच्या पहिल्याच वर्षी तो सावकाराकडे किंवा बाहेरच्या व्यापाऱ्याकडे जाईल आणि वाढीव भावाचा लाभ त्याच्या पदरात पडेल.

दुसरे असे की, भूसंचयात प्रकल्पाची जोखीम शेतकऱ्याच्या माथी येते. आंध्र प्रदेशाची नवी राजधानी अमरावती हे याचे ढळढळीत उदाहरण आहे. २०१५ साली तेथील शेतकऱ्यांनी सुमारे ३३ हजार एकर जमीन सरकारच्या स्वाधीन केली. २०१९ मध्ये सरकार बदलले, राजधानीचा बेत गुंडाळला गेला आणि पाच वर्षे त्या शेतकऱ्यांजवळ ना शेत राहिले, ना शहर आले. २०२४ च्या सत्तांतरानंतर काम पुन्हा सुरू झाले, पण शेतकऱ्याची गेलेली वर्षे कोणत्याही सत्तांतराने परत येत नाहीत. महाराष्ट्रातील शेतकऱ्याने हा धोका वेळीच ओळखला होता. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गासाठी २०१६ साली प्रथम भूसंचयाचीच योजना पुढे करण्यात आली. शेतकऱ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि सरकारला रोख मोबदला देऊन थेट खरेदीची वाट धरावी लागली.

परंतु या दोन जिल्ह्यांत ज्यांचे सर्वाधिक नुकसान संभवते, त्यांची नावे सातबाऱ्यावर नाहीतच. भूसंचयात वाटा मालकाला मिळतो. रोवणी आणि कापणी करणाऱ्या भूमिहीन मजुराला काही मिळत नाही. अमरावतीत भूमिहीन कुटुंबांना आरंभी दरमहा २,५०० रुपयांचे निवृत्तिवेतन देऊन बोळवण करण्यात आली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ज्यांना वनजमिनीचे पट्टे मिळाले, त्यांचा हक्क वारसाने जातो, पण हस्तांतरित करता येत नाही. अशा पट्टाधारकाला नगररचना परियोजनेत मालक मानणार की अतिक्रमणदार? गावाच्या निस्तार हक्काच्या जमिनी, गुरचरण, मामा तलाव आणि बोड्या यांना तर एक मालक नाहीच. आराखड्यावर त्या मोकळ्या जागा म्हणून दिसतात आणि मोकळी जागा सर्वांत आधी गिळली जाते. जळण, चराई, मासळी आणि सिंचन यांचा आधार असा एका रेघेने पुसला जाईल, आणि त्याची नोंद नुकसान म्हणूनसुद्धा होणार नाही.

आदिवासींच्या मालकीच्या जमिनीचा प्रश्न याहून नाजूक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील १९७४ साली आलेल्या तरतुदीनुसार आदिवासीची जमीन शासकीय मंजुरीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. सावकारशाहीविरुद्धच्या दीर्घ लढ्यांतून हे कवच मिळालेले आहे. नगररचना परियोजना अंतिम झाली की मूळ भूखंडावरील हक्क संपुष्टात येतात आणि सार्वजनिक कामासाठी काढलेली जमीन नियोजन प्राधिकरणाकडे निहित होते. त्यातील काही भाग प्राधिकरणाने खुल्या बाजारात विकला, तर काल आदिवासीची असलेली जमीन उद्या कोणाची होईल? जे सावकाराला पुढच्या दाराने करता आले नाही, ते योजनेच्या मागच्या दाराने घडू शकते.

आता निर्णयाचा प्रश्न. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने आणलेला नगरपालिकांविषयीचा भाग अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू होत नाही. संसदेने योग्य त्या अपवादांसह स्वतंत्र कायदा करून तो लागू करावा, अशी तरतूद आहे. असे विधेयक २००१ साली राज्यसभेत मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही. दुसरीकडे, १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला भूसंपादनापूर्वी सल्लामसलतीचा अधिकार दिला. गावाची नगरपंचायत झाली की ती ग्रामसभाच विरून जाते. जेथे संपूर्ण गाव निर्णयाला बसत असे, तेथे मोजके नगरसेवक आणि एक मुख्याधिकारी उरतात. ज्या क्षणी जमिनीचा भाव वाढू लागतो, नेमक्या त्याच क्षणी जमिनीवर बोलण्याचा लोकांचा अधिकार काढून घेतला जातो. हा योगायोग मानण्याइतके भाबडे राहून चालणार नाही.

जमीन एकत्र करण्याची दुसरीही एक रीत आहे, आणि ती शिकण्यासाठी फ्रँकफुर्टला जाण्याची गरज नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने सर्वसहमतीच्या ग्रामसभेतून आपला कारभार उभा केला, २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार स्वतःच्या हाती घेतला. त्यानंतर २०१३ साली गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान अधिनियमाखाली आपल्या खाजगी जमिनी ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा निर्णय घेतला. हाही भूसंचयच आहे. कसणाऱ्याचा कसण्याचा हक्क त्यात कायम राहतो, पण जमीन गावाबाहेर विकली जात नाही आणि तिच्याविषयीचा निर्णय सगळे मिळून करतात. त्या निर्णयाची पूर्ण अंमलबजावणी व्हावी म्हणून गावकऱ्यांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार ठोठवावे लागले. बिल्डरांसाठी जमीन एकत्र करताना दिसणारी राज्ययंत्रणेची तत्परता गावाने स्वतःसाठी जमीन एकत्र केली तेव्हा कोठे गेली होती, हे विचारले पाहिजे.

मेंढ्याची रीत शहराला जशीच्या तशी लागू होणार नाही, हे खरे. शहरात माणसे येतात-जातात, घरे विकली जातात. परंतु जमीन सामूहिक मालकीत ठेवून तिचा वापर भाडेपट्ट्याने देणे शहरातही शक्य आहे. भूखंड एकदा विकला की पैसा एकदाच येतो. पट्ट्याने दिला तर भाव वाढेल तसे भाडे वाढते आणि अनर्जित मूल्यवाढ पिढ्यान्‌पिढ्या नगराच्या तिजोरीत येत राहते.

मग तोवर गटारे आणि नळ कशातून व्हावयाचे? या जिल्ह्यांपुरते तरी उत्तर जमिनीखाली आहे. चंद्रपूरचा कोळसा व चुनखडी आणि गडचिरोलीचे लोहखनिज यांवर राज्य स्वामित्वधन घेते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर लिलावाने दिलेल्या खाणपट्ट्यांकडून स्वामित्वधनाच्या १० टक्के आणि त्याआधीच्या पट्ट्यांकडून ३० टक्के इतकी जादा रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमा करावी लागते. पिण्याचे पाणी, आरोग्य, स्वच्छता यांना या निधीच्या खर्चात अग्रक्रम आहे. खनिजाच्या ट्रकांनी ज्यांचे रस्ते उखडले आणि ज्यांच्या घरांवर धूळ बसली, त्यांच्या नगरांचा खर्च खनिजाच्या पैशातून व्हावा, हे न्यायाचे आहे. नफा खाणमालकाचा आणि गटाराचा खर्च दोन एकरवाल्या शेतकऱ्याच्या बांधीतून, हा न्याय कोणत्याही नियोजनशास्त्रात बसत नाही.

कार्यकर्त्यांपुढचे काम यातून स्पष्ट होते. अनुसूचित क्षेत्रातील नगरपंचायतींत वस्तीसभांना ग्रामसभेचे अधिकार मिळेपर्यंत कोणतीही भूसंचय योजना जाहीर होऊ नये. वनहक्क पट्टाधारक आणि भूमिहीन यांना योजनेत हिस्सेदार मानले जावे. आदिवासींची जमीन एकत्रीकरणानंतरही बिगर-आदिवासीकडे जाणार नाही, अशी तरतूद कायद्यात व्हावी. निस्ताराच्या जमिनी आणि तलाव आराखड्याबाहेर राहावेत. प्राधिकरणाकडे येणारी जमीन विकली न जाता पट्ट्याने दिली जावी. आणि खनिज निधीचा जमाखर्च प्रत्येक वस्तीसभेत वाचून दाखवला जावा.

विकास आराखड्याचा नकाशा नगरपंचायतीच्या भिंतीवर लागतो आणि हरकतीची मुदत उलटून गेल्यावर लोकांना त्याचा पत्ता लागतो, असा आजवरचा रिवाज आहे. नकाशावरील कोणती रेघ कोणाच्या बांधीतून आणि कोणत्या तलावातून जाते, हे मुदतीच्या आत घरोघरी जाऊन समजावून सांगणे आणि हरकतींवर सह्या गोळा करणे, येथून या लढ्याचा आरंभ झाला पाहिजे.