पूल बांधलात, आता लिहा!

सबमिशनचा आठवडा आला की नेरूळ, वाशी, ऐरोलीत झेरॉक्सच्या दुकानांसमोर रांगा लागतात. सीनियरची ब्लॅक बुक मिळवायची, नावं बदलायची आणि बाइंडिंगला टाकायची. लिहिणं म्हणजे कटकट, हे इंजिनीअरिंगच्या पहिल्याच वर्षी डोक्यात पक्कं बसतं. यातलेच काही जण पुढे सैन्यात जातात. तिथे या कंटाळ्याची किंमत फार मोठी असते.

३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये दरड कोसळली आणि चुरलमलाचा पूल वाहून गेला. मद्रास इंजिनीअर ग्रुपच्या जवानांनी तिथे १९० फुटांचा, २४ टन पेलणारा बेली पूल ३१ तासांत उभा केला. या कामात पुढे होत्या मेजर सीता शेळके, आपल्या नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्याच्या. त्यांचा पुलावरचा फोटो तुमच्यापैकी कित्येकांनी स्टेटसला ठेवला असेल.

पण ३१ तासांत हे जमलं कसं? जवानांची मेहनत तर आहेच. दुसरं कारण ऐंशी वर्षांपूर्वीच्या कागदावर आहे. डोनाल्ड बेली हा ब्रिटिश युद्धखात्यातला नागरी अभियंता. पुलाची कल्पना त्याने एका पाकिटाच्या मागे खरडली, असं सांगतात. दहा फूट लांब, पाच फूट उंच पोलादी चौकट, वजन साधारण २६० किलो, म्हणजे सहा जणांनी हाताने उचलावी एवढं. आता ते पाकीट कपाटातच राहिलं असतं तर? तसं झालं नाही. रेखाटनं झाली, चाचण्या झाल्या, मॅन्युअल लिहिलं गेलं. कुठली चौकट आधी, किती माणसं कुठे, सगळं. म्हणून बेलीला कधीही न पाहिलेले जवान भर पावसात त्याचा पूल जोडू शकले.

आपल्या देशात ही परंपरा नव्हती असंही नाही. १८६३ मध्ये रुडकीच्या थॉमसन कॉलेजात मेडले या लष्करी अभियंत्याने भारतातल्या अभियांत्रिकीवरचे व्यावसायिक लेख छापायला सुरुवात केली. पूल, कालवे, रस्ते यांच्यावर प्रत्यक्ष राबलेली माणसं त्यात लिहीत. रुडकीतच १९४३ साली लष्करी अभियंत्यांची शाळा निघाली आणि १९४८ मध्ये पुण्याला दापोडीत आली. हेच आजचं सीएमई. जुन्या हायवेने पुण्याला जाताना त्याची लांबच लांब भिंत दिसते.

याच सीएमईत मेजर अनुप मिश्रा यांनी 'सर्वत्र कवच' हे बुलेटप्रूफ जॅकेट तयार केलं. काश्मीरमधल्या कारवाईत त्यांना स्वतःला गोळी लागली होती. अंगातल्या जॅकेटने ती अडवली, पण धक्क्याने इजा केलीच. या अनुभवाचा नुसता किस्सा झाला असता. त्यांनी त्यातून प्रश्न काढला आणि तो प्रयोगशाळेत नेला. २०१९ मध्ये लष्करप्रमुखांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. 'जुगाड' आणि 'इनोव्हेशन' यांत फरक असेल तर तो एवढाच, की दुसरं काम कुणालाही पुन्हा करून बघता येतं.

मग बाकीचे का लिहीत नाहीत? गुप्ततेचं कारण सगळ्यात आधी पुढे येतं. सीमेवरच्या कामांना ते लागू आहे, मान्य. पण २०१७ च्या चेंगराचेंगरीनंतर लष्कराने एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवलीला पादचारी पूल बांधले, ते २७ फेब्रुवारी २०१८ ला खुले झाले. रोज हजारो लोक ज्यावरून चालतात त्यात गुपित कसलं? चालू लोकलच्या डोक्यावर गर्डर कसा सरकवला, हे वाचायला सिव्हिलचा कुठलाही विद्यार्थी तयार होईल. खरी अडचण वेगळी आहे. हुद्द्याच्या उतरंडीत 'इथे आमचं चुकलं' असं कॅप्टनने छापून आणायचं कसं? आणि दोन-तीन वर्षांनी बदली झाली की शिकलेलं सगळं ट्रंकेबरोबर दुसऱ्या गावी जातं.

याची झळ आपल्यालाही बसू शकते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळ इर्शाळवाडीवर दरड आली. वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रं चढवता येईनात, बचाव पथकांना हातांनी माती उपसावी लागली. अशा वाड्या सह्याद्रीत ढिगाने आहेत. रस्ता नसलेल्या डोंगरावर काय नेता येतं, काय फसतं, हे हिमालयात राबलेल्या सॅपरना माहीत असतं. ते त्यांच्या डोक्यातच राहिलं, तर पुढच्या वाडीवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून सैन्याने शौर्यपदकांच्या बातम्यांसोबत कामाचे तपशीलही बाहेर येऊ द्यावेत. लेफ्टनंटने लिहिलेला लेख लेफ्टनंटच्याच नावावर छापावा, वर साहेबांची प्रस्तावना नसली तरी चालेल. फसलेल्या प्रयोगालाही बक्षीस ठेवावं. आणि गोपनीय नसलेले असे लेख नेरूळच्या कॉलेज लायब्ररीतही मिळावेत, म्हणजे ब्लॅक बुकसाठी सीनियरच्या मागे लागणाऱ्यांना कॉपी करण्यापेक्षा भांडण्यासारखं काहीतरी हाती लागेल.