ठेव कुणाची? मालकाची!



न्यूझीलंडात ख्राइस्टचर्चला क्रिप्टोपिया नावाची आभासी नाण्यांची पेढी होती. जानेवारी २०१९ मध्ये संगणकातून तिच्यावर दरोडा पडला. मे महिन्यात पेढी बुडीत निघाली. उरलेली नाणी कुणाची? पेढीच्या घेणेकऱ्यांची की खातेदारांची? एप्रिल २०२० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने निकाल दिला: नाणी ही मालमत्ता आहे, पेढी फक्त विश्वस्त, मालक खातेदार. पेढीच्या अटींतही 'विश्वस्त' हा शब्द होता, तो कामी आला. तरी वाटप सुरू व्हायला २०२४ चा डिसेंबर उजाडला.

आता आपले पाहा. भाव वाढेल म्हणून आपण कच्च्या चिठ्ठीवर कापूस जिनिंगवर टाकतो. व्यापारी बुडाला की आपण घेणेकऱ्यांच्या रांगेत, तेही शेवटी! हातात न धरता येणारे नाणे मालमत्ता ठरते, मग घामाने पिकवलेला कापूस काय हवेतला आहे?

चिठ्ठीवर 'विकला' की 'ठेवला', वजन आणि तारीख लिहून घ्या. जमेल तिथे २००७ च्या वखार कायद्याखाली नोंदणी झालेल्या वखारीत माल ठेवा, पावती घ्या. जिनिंगवाल्यालाही अशीच पक्की पावती देण्याची सक्ती करा, ही आपली सरकारकडे मागणी.

मेहेरबानी नको. आमचा माल, आमची मालकी!