धनुष्य रक्तात नसतं हो!

जव्हारला वीकेंड ट्रिप काढलेल्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतोच. दाभोसाचा धबधबा बघून झालेला असतो, जयविलास पॅलेससमोर फोटो झालेले असतात, आणि मोखाड्याच्या रस्त्यावर चहा पिता पिता साहेब जाहीर करतात, "या आदिवासी पोरांच्या रक्तातच धनुर्विद्या आहे यार. नुसता कंपाऊंड बो हातात द्या, ऑलिम्पिक मेडल फिक्स!" सगळे माना डोलावतात. एखादा उत्साही तर ऑफिसच्या सीएसआरमधून दहा बो वाटायचा हिशोबही मांडून मोकळा होतो.

हा लेख त्या साहेबांसाठी.

कंपाऊंड बो म्हणजे तिरकामठ्याला लावलेल्या पुल्या नव्हेत. अमेरिकेतल्या हॉलेस ॲलनला १९६९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. दोन्ही टोकांना कॅम असतात. त्यांच्यामुळे पूर्ण ओढल्यावर हातावर मूळ ताणाच्या पाव-तृतीयांश इतकाच भार उरतो आणि नेम धरायला उसंत मिळते. पण हे तेव्हाच, जेव्हा दोन्ही कॅम एकाच क्षणी थांबतात, बाणाची रेस्ट बरोबर जागी असते, बाणाचा कडकपणा ताणाला जुळतो आणि ओढीची लांबी त्या माणसाच्या हाताच्या मापाची असते. यातलं एक जरी चुकलं तरी बाण सुटतानाच किंचित तिरका सुटतो.

गंमत म्हणजे हा तिरकेपणा सहसा दिसतच नाही. सरावाच्या बाणाचं टोक, म्हणजे फील्ड पॉइंट, गुळगुळीत आणि निमुळतं असतं. मागची पिसं बाणाला वाटेत सरळ करतात आणि आपण खूश. चूक उघडी पाडतो तो ब्रॉडहेड, पात्यांचं टोक. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला आहे. जिथे धनुष्याने शिकार कायदेशीर आहे, तिथली ही पद्धत. पण शिकवण सगळ्यांना लागू.) पुढची पाती हवा पकडतात, म्हणजे बाणाला पुढेही पंख फुटतात. बाण जरा जरी तिरका सुटला की हे पुढचे पंख त्याला भलतीकडे नेतात. मग त्याच धनुष्यातून, त्याच वजनाची दोन टोकं, पण फील्ड पॉइंट मध्यावर आणि ब्रॉडहेड चार बोटं डावीकडे!

आता नवशिक्या काय करतो? साईट हलवतो. साईट हलवली की दोन्ही बाण सारखेच सरकतात, मधलं अंतर तसंच राहतं. हे म्हणजे टेस्ट फेल झाली म्हणून टेस्टच बदलण्यासारखं. जाणकार माणूस आधी टोक सरळ बसलंय का ते बाण फिरवून बघतो, पकडीत धनुष्य पिळलं जातंय का ते बघतो, आणि मग रेस्ट केसभर सरकवतो: ब्रॉडहेड डावीकडे लागत असेल तर उजवीकडे, म्हणजे फील्ड पॉइंटच्या दिशेने. परत बाण मारायचे, परत केसभर सरकवायचं. दोन्ही टोकं एका जागी लागायला लागली की मगच साईटला हात लावायचा.

आता हेच दहा बो मोखाड्याच्या एखाद्या आश्रमशाळेत पोचवा. तेरा वर्षांचं पोर वर्षभरात इतकं वाढतं की ओढीची लांबी बदलते, म्हणजे कॅमची सेटिंग बदला. दोरी झिजली तर बदलायला बो-प्रेस हवा. ते कोण करणार? कुरिअरवाला? बाण न लावता कुणी दोरी सोडली तर लाखाच्या घरातला बो तिथेच मोडू शकतो. आणि ताण ओढायला आधी अंगात ताकद लागते. कुपोषणाने देशभर गाजलेलं वावर-वांगणी (१९९२-९३) याच जव्हार तालुक्यातलं, हे धबधबा बघताना आठवत नाही.

माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे. ट्यूनिंग नसलेल्या बोने पोराचा बाण भरकटणारच. मग साहेब म्हणणार, "रक्तात होतं, पण पोरांना चिकाटीच नाही!" कौतुकाचं माप बघता बघता आरोपाचं झालं. चूक रेस्टची आणि शिक्का पोरावर. रक्ताची थिअरी मांडणारा माणूस साईटच हलवत असतो.

पुरावा हवाय? ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला कंपाऊंडचे दोन्ही वैयक्तिक विश्वविजेते महाराष्ट्रातले होते. साताऱ्याची अदिती स्वामी, वय १७, अंतिम फेरी १४९-१४७. ओजस देवतळे, मूळ नागपूरचा, १५०-१४९, म्हणजे एकही बाण दहाच्या बाहेर नाही. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे शिकलेले. तिथे रक्ताची भाषा कुणी केली नाही. होता तो रोज समोर उभा राहणारा प्रशिक्षक.

"आणि लिंबाराम?" हो, राजस्थानातल्या आदिवासी गावातून, बांबूच्या धनुष्यावर वाढलेला. पण १९८७ मध्ये साईने त्याला निवडून प्रशिक्षण दिलं, म्हणून तो १९८८ ला सोलला पोचला. बांबूचं धनुष्य तर त्याच्या गावात कितीतरी जणांकडे असेल. एकलव्याकडेही धनुष्य होतंच की. नाकारला गेला तो गुरू, आणि आपण अजून धनुष्यच वाटत बसलोय.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंड मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच येतोय. म्हणजे हे बो-वाटप आता वाढणार. तेव्हा सीएसआरवाल्यांनो, दहा बोंचे पैसे असतील तर दोनच घ्या. उरलेल्या पैशातून एक बो-प्रेस, भरपूर बाण, पोरांचा खुराक, आणि जव्हारलाच राहणारा एक माणूस, निदान पाच वर्षं पगारावर. शक्यतो तिथलाच, ज्याला हे काम शिकवता येईल असा.

फोटोत बो छान दिसतो, पगारपत्रक दिसत नाही, हे मान्य. पण फोटोच हवा असेल तर धबधबा आहे की.