जिताड्याच्या पिलांस खाद्य किती वेळा द्यावे?

तान्ह्या मुलास दिवसातून दोनदा पोटभर पाजून भागत नाही, हे कोणत्याही मातेस सांगावे लागत नाही. पिंजऱ्यात वाढविल्या जाणाऱ्या मासळीच्या पिलांविषयी मात्र ही साधी गोष्ट पुष्कळदा विसरली जाते आणि तिची किंमत हंगामाच्या शेवटी मोजावी लागते.

केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने २००७ साली विशाखापट्टणम येथे समुद्रातील पिंजऱ्यात जिताडा वाढविण्याचा प्रयोग केला. त्यानंतर हा व्यवसाय पश्चिम किनाऱ्यावरही आला. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत समुद्री पिंजऱ्यांसाठी अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. पिंजरा उभा राहिला, बीज सोडले, म्हणजे निम्मे काम झाले, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः खरे काम तेथूनच सुरू होते.

लहान पिलाचे जठर लहान असते. पण वजनाच्या मानाने त्याची अन्नाची गरज मोठ्या माशापेक्षा पुष्कळ अधिक असते. कोकणच्या उबदार पाण्यात त्याचे पचनही त्वरेने होते. सकाळी खाल्लेले अन्न पचून गेले की पिलू पुन्हा भुकेले होते. जिताडा तर जातीचाच मांसभक्षक. भुकेलेले मोठे पिलू आपल्या निम्म्याहून अधिक लांबीचे भावंड गिळू शकते. जाळे फाटलेले नाही, मेलेली पिले तरंगताना दिसली नाहीत, तरीही संख्या घटली, अशी तक्रार जेथे असते, तेथे चोराचा शोध घेण्यापूर्वी खाद्याच्या वेळा तपासाव्यात.

सामान्यतः पिले १० ग्रॅम वजनाची होईपर्यंत दिवसातून चार ते पाच वेळा, ५० ग्रॅमपर्यंत तीन ते चार वेळा आणि १०० ग्रॅमपर्यंत तीन वेळा खाद्य द्यावे. त्यापुढे सकाळ व सायंकाळ अशा दोन वेळा पुरेशा होतात.

वेळा वाढविणे म्हणजे खाद्य वाढविणे नव्हे, हे येथे नीट ध्यानी घेतले पाहिजे. समजा, पिंजऱ्यात २० ग्रॅमची १,००० पिले आहेत. त्यांचे एकूण वजन २० किलो झाले. वजनाच्या ५ टक्के या हिशेबाने दिवसाचे गोळीखाद्य १ किलो. ते एकदम न टाकता २५० ग्रॅमचे चार भाग करावेत. एकदम टाकलेल्या खाद्यावर दांडगी पिले तुटून पडतात, दुबळी मागे राहतात आणि उरलेले खाद्य प्रवाहाबरोबर वाहून जाते. मग लहानमोठेपणाची तफावत वाढते आणि तफावतीतून भक्षण वाढते. म्हणून खाद्य पसरून, हळूहळू टाकावे व पिलांची झेप मंदावताच हात आवरावा. दर दहा-पंधरा दिवसांनी नमुना वजन करून मात्रा बदलावी आणि पिलांची प्रतवारी करून मोठी वेगळी करावीत.

घड्याळाइतकेच पाण्याकडेही पाहावे लागते. उधाणाच्या दिवसांत पाण्यास ओढ फार असते. त्या वेळी भरती-ओहोटीमधील संथ पाण्याची वेळ साधावी. पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो; तेव्हा सूर्योदयानंतर थोडा अवकाश देऊन पहिले खाद्य द्यावे. जाळ्यास शेवाळ व कालवे चिकटून पाणी खेळेनासे झाले असेल, तर आधी जाळे स्वच्छ करावे.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, दिवसातून चार फेऱ्या म्हणजे चारदा होडीचे इंधन व एका माणसाची मजुरी. हा आक्षेप खोटा नाही. परंतु त्यावर उपाय फेऱ्या कमी करणे हा नव्हे. पिले १०० ग्रॅमची होईपर्यंत किनाऱ्यालगतच्या सुरक्षित खाडीत, बारीक आसाच्या लहान पिंजऱ्यात वाढवावीत आणि मगच मोठ्या पिंजऱ्यात सोडावीत. बचत गट अथवा सहकारी संस्था असेल, तर सभासदांनी पाळ्या लावून घ्याव्यात. हा खर्च काही आठवड्यांचाच असतो; गमावलेली पिले मात्र हंगामभर परत येत नाहीत.

मोठ्या मासळीस दोनदाच खाद्य देण्यात काटकसर आहे; पिलांच्या बाबतीत तीच काटकसर नुकसानीची ठरते. म्हणून पिंजऱ्यांची व सोडलेल्या बिजाची संख्या मोजून थांबू नये. प्रत्येक पिंजऱ्यामागे एक वही असावी आणि तीत दिलेल्या खाद्याची वेळ, वजन व पिलांची भूक रोज नोंदली जावी. ज्या गटाची ही वही पहिले दोन महिने खंड न पडता भरली गेली, त्यास काढणीच्या दिवशी पिंजऱ्यात किती मासळी निघेल याची धास्ती बाळगण्याचे फारसे कारण उरणार नाही.