मुरानोची काच, परागंदा कारागीर आणि एक बनावट कलम (दीर्घ थ्रेड)

समाजमाध्यमांवर एक गोष्ट दर काही महिन्यांनी नव्याने फिरते. व्हेनिस प्रजासत्ताकाने १२९१ मध्ये आपले सारे काचकारागीर मुरानो बेटावर कोंडले. काचेचे गुपित घेऊन त्यांतला कोणी पळालाच, तर राज्य त्याच्यामागे मारेकरी धाडत असे. सोबत एखाद्या रंगीत फुलदाणीचे छायाचित्र, आणि खाली वाचकांचे रोमांचित उद्गार. माझे मत आरंभीच सांगते: ही गोष्ट जशी सांगितली जाते तशी विश्वासार्ह नाही. शिवाय ती ज्या कारागिरांच्या कौतुकासाठी सांगितली जाते, त्यांनाच ती लहान करते.

प्रथम १२९१. त्या वर्षी व्हेनिसच्या महापरिषदेने शहरातील काचभट्ट्या हलवण्याचा हुकूम काढला, हे खरे. त्याचे कारण मात्र आग. लाकडी घरांच्या दाट वस्तीत रात्रंदिवस धगधगणाऱ्या भट्ट्या कोणत्याही शहराला नकोच असतात. मुरानोवर त्यापूर्वीही भट्ट्या होत्या आणि ते बेट व्हेनिसपासून नावेने हाकेच्या अंतरावर आहे. पुढच्याच वर्षी, लहानसहान काचवस्तू बनवणाऱ्यांना घरांपासून ठराविक अंतर राखण्याच्या अटीवर शहरात काम करण्याची सवलत मिळाली. गुपित राखण्यासाठी उभारलेल्या तुरुंगाला अशा सवलती नसतात.

कारागिरांनी बाहेर जाऊ नये, अशी राज्याची इच्छा होती हेही खरे. त्यांच्या श्रेणीची, म्हणजे व्यावसायिक संघाची, लिखित नियमावली १२७१ ची आहे. परदेशात भट्टी चालवणाऱ्यांना श्रेणीतून बाद करण्याचे नियम तेराव्या शतकाच्या अखेरीपासून दिसतात; पुढे दंड, तुरुंगवास, गलबतावर वल्ही मारण्याची सक्तमजुरी अशा शिक्षा आल्या. पण हे नियम पुनःपुन्हा काढावे लागले. एकच बंदी दोन-तीन शतके वारंवार घातली जाते, तेव्हा त्यावरून बंदीची कठोरता सिद्ध होत नाही. लोक ती मोडत होते एवढेच सिद्ध होते.

ते का जात होते? नियमावलीतच याचे एक उत्तर दडलेले आहे. मुरानोच्या भट्ट्या दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीपासून कित्येक महिने सक्तीने बंद ठेवल्या जात. त्या काळात भट्टीमालकाचे भागून जाई. रोजंदारीवरच्या फुंकणाऱ्याची चूल मात्र थंड पडे. हाताला काम नाही, आणि आल्प्सपलीकडे त्याच हाताला सोन्याचे मोल. या माणसाला ‘गुपित चोरणारा’ म्हणायचे की हंगामी स्थलांतरित कामगार? ऊसतोडीच्या टोळ्या दरवर्षी जाता-येताना पाहणाऱ्या महाराष्ट्रात हा प्रश्न कळायला अवघड नसावा.

आता मारेकऱ्यांकडे वळू. ‘कारागीर परदेशी गेला तर त्याला परत बोलवावे, न आल्यास जवळच्या आप्तांना कैद करावे, तरीही न आल्यास माणूस पाठवून त्याला ठार करावे’ अशा आशयाचे एक कलम एकोणिसाव्या शतकापासून काचेवरील लोकप्रिय पुस्तकांत पुनःपुन्हा येते. त्याचा उगम आहे पिएर दार्यू यांच्या १८१९ च्या व्हेनिस-इतिहासात. व्हेनिसच्या ‘राज्य इन्क्विझिटरां’ची गुप्त नियमावली म्हणून त्यांनी एक दस्तऐवज छापला, त्यातले हे २६ वे कलम. (गोव्यातील धार्मिक इन्क्विझिशनशी यांची गल्लत नको, हे राज्याची गुपिते फोडणाऱ्यांवर नजर ठेवणारे तिघांचे मंडळ होते.)

तो दस्तऐवज स्वतःला १४५४ चा म्हणवतो. इन्क्विझिटरांचे मंडळच मुळी स्थापन झाले १५३९ मध्ये! जन्माच्या ८५ वर्षे आधी नियमावली लिहिणारी संस्था जगात दुसरी नसावी. १८२८ मध्येच एका व्हेनेशियन लेखकाने दार्यूंच्या चुकांवर स्वतंत्र ग्रंथ काढला आणि पुढे ही नियमावली बनावट म्हणून इतिहासकारांनी बाजूला सारली. दार्यू हे नेपोलियनचे बडे अधिकारी, आणि नेपोलियननेच १७९७ मध्ये हे प्रजासत्ताक संपवले होते. बुडवलेले राज्य मुळात किती क्रूर होते, हे वाचायला विजेत्यांच्या गोटात वाचक असणारच. दार्यूंनी हेतुतः फसवले असे मी म्हणत नाही. बहुधा तेही फसले. पण कलम कोणाच्या सोयीचे होते, हे पाहिल्यावाचून साधन वापरू नये.

याचा अर्थ व्हेनिस सौम्य होते असा नव्हे. धमक्या खऱ्या होत्या, हेरही खरे होते. १६६५ मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेअर याने आरशांचा शाही कारखाना काढला आणि मुरानोचे कारागीर फोडून पॅरिसला आणले. १६६७ च्या आरंभी त्यांतले दोघे लागोपाठ मरण पावले, आणि विषप्रयोगाची कुजबुज झाली. ती कुजबुजच राहिली. उरलेल्यांपैकी अनेकांनी व्हेनिसकडून माफी पदरात पाडून घेतली आणि ते घरी परतले. म्हणजे राज्य त्यांच्याशी घासाघीस करत होते, आणि तेही राज्याशी. आज आपण व्हर्सायच्या आरसेमहालात उभे राहून ज्यांत स्वतःला पाहतो ते ३५७ आरसे १६८४ पर्यंत बसवले गेले, तोवर फ्रेंच हात तयार झालेले होते.

आणि आता माझा आवडता माणूस: जाकोमो वेर्त्सेलिनी. व्हेनिसचा हा गृहस्थ अँटवर्पमार्गे लंडनला गेला. १५७५ मध्ये पहिल्या एलिझाबेथने त्याला व्हेनेशियन पद्धतीचे काचपेले बनवण्याचा २१ वर्षांचा एकाधिकार दिला. गुपित घेऊन पळालेल्या माणसाचा याहून उघड नमुना सापडणार नाही. राणीच्या शिक्क्यानिशी जाहीर झालेला. त्याच्यामागे कोण आले? वार्धक्य. १६०६ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, केंटमधील एक सधन जमीनदार म्हणून तो वारला. डाऊन गावच्या चर्चमध्ये त्याची व त्याच्या पत्नीची पितळी स्मृतिप्रतिमा आहे. (हेच ते डाऊन, जिथे पुढे चार्ल्स डार्विनने ४० वर्षे काढली.)

‘गुपित’ नेमके काय होते, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. मला तर सारा रस तिथेच वाटतो. पंधराव्या शतकाच्या मध्याला आंजेलो बारोव्हिएर याच्या नावाशी जोडली गेलेली ‘क्रिस्ताल्लो’ ही नितळ काच घ्या. तिला स्फटिकाची बरोबरी करायची होती. आपल्याकडेही तोच ध्यास शब्दात उरला आहे: फारसीतून आलेल्या बिलोर म्हणजे स्फटिक, आणि म्हणून चांगला आरसा तो ‘बिलोरी’. क्रिस्ताल्लोसाठी वाळूऐवजी तिचिनो नदीतील पांढरे गारगोटे भाजून, कुटून घेत. सीरियाकडून क्षारयुक्त वनस्पतींची राख येई. ती पाण्यात उकळून, गाळून, आटवून तिचे शुद्ध मीठ काढत. लोहामुळे येणारी हिरवट झाक मारण्यासाठी मँगनीज किंचितसे घालत. जास्त झाले की काच जांभळी.

हे सारे कागदावर उतरवता येते, आणि ते उतरलेही. फ्लॉरेन्सच्या आंतोनियो नेरी या धर्मगुरूने १६१२ मध्ये काचकलेवर पुस्तक छापून राख, रंग, मिश्रणे उघड केली. १६६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले, १६७९ मध्ये जर्मन. मुरानो त्यामुळे बुडाले नाही. कारण नेरीच्या पुस्तकात काच कशी करावी हे आहे. फुंकावी कशी हे नाही.

मुरानोच्या जाळीदार पेल्याचे उदाहरण पाहा. दुधी काचेच्या बारीक कांड्या पारदर्शक काचेत गुंडाळून आधी लांब ओढायच्या. त्या शेजारी-शेजारी मांडून मऊ होईतो तापवायच्या. मग नळीच्या टोकावरील काचेने ती चटई कडेने उचलून तिचा नळकांडा वळायचा, तळ मिटवायचा आणि पीळ देत फुंकायचे. रेषा उजवीकडे वळलेला एक फुगा, डावीकडे वळलेला दुसरा. एकात दुसरा फुगवला की चौकड्यांची जाळी होते आणि प्रत्येक चौकडीत हवेचा एकेक मोत्याएवढा बुडबुडा अडकतो. काच मधासारखी ओघळत असते, म्हणून नळी क्षणभरही फिरवायची थांबायची नाही. काच पुन्हा भट्टीत कधी न्यायची, हे उस्ताद तिच्या लालीवरून ठरवतो आणि मदतनीस त्याच्या मानेच्या हालचालीवरून ओळखतो. शेवटी पेला मंद आचेच्या कप्प्यात तासन्‌तास निवू द्यायचा, नाहीतर तो आपसूक तडकतो. ही विद्या न्यायची तर माणूसच न्यावा लागतो, आणि एकटा उस्तादही पुरत नाही. त्याची टोळी न्यावी लागते.

म्हणूनच राज्ये पाककृतींसाठी कमी आणि माणसांसाठी अधिक भांडत होती. आणि म्हणूनच मारेकऱ्याची गोष्ट मला खटकते: ती कौशल्याला चोरता येण्याजोग्या चिठ्ठीत बदलते आणि कारागिराला त्या चिठ्ठीचे पाकीट करून टाकते. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची कथा याच साच्यातली. तिलाही समकालीन आधार नाही, आणि ज्या उस्ताद अहमद लाहोरीचे नाव ताजशी जोडले जाते, तेच पुढे दिल्लीच्या लाल किल्ल्याशीही जोडलेले आहे. दोन्ही कथांत राजा कर्ता आणि कारागीर फक्त बळी. पगार मागणारा, करार मोडणारा, बायकामुलांसह नवे गाव गाठणारा कारागीर त्यांत कुठेच बसत नाही.

उलट प्रथाही त्याच काळी इटलीतच होती. लिगुरियातील आल्तारे गावच्या काचश्रेणीने आपल्या उस्तादांना बाहेर जाण्यापासून रोखण्याऐवजी स्वतःच करार करून परदेशी पाठवले. मुरानो आणि आल्तारे, दोन्हीकडच्या माणसांनी अँटवर्प, लिएज, नेव्हेर येथे ‘व्हेनिस धाटणीची’ काच इतकी हुबेहूब केली की आज संग्रहालयांत अनेक पेल्यांचा जन्मगाव रासायनिक चाचणीवाचून सांगता येत नाही.

मुरानोला खरा धक्का बसला तो वेगळ्याच दिशेने. १६७४ मध्ये लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने नव्या काचेचे पेटंट घेतले. तिच्यात शिसे घालून ती पुढे जड, झळाळती झाली. बोहेमियाने पोटॅशची जाड, कठीण काच काढली. तिच्यावर चाकाने खोल नक्षी कोरता येई. व्हेनेशियन काच पातळ, कोरकामाला नाजूक. यांतले काहीही मुरानोहून चोरलेले नव्हते. बाजाराची आवड बदलली, आणि दारे राखणाऱ्या श्रेणीला ते उशिरा उमगले.

ज्युसेप्पे ब्रिआती या मुरानोकराला ते वेळेत उमगले. बोहेमियन पद्धतीची काच करण्याचा परवाना त्याने १७३७ मध्ये मिळवला. बेटावरच्या भाऊबंदांना ते इतके डाचले की १७३९ मध्ये त्याला भट्टी मुरानोवरून हलवावी लागली. राज्याने त्यासाठी खास परवानगी दिली. जागा कुठली? व्हेनिस शहर, जिथून आगीच्या भयाने १२९१ मध्ये भट्ट्या बाहेर काढल्या होत्या.