हजेरीपटावरची शुश्रूषा

आईसाठी केंद्र शोधणारा मुलगा न्यू जर्सीत राहत असला की त्याचा प्रश्न ठरलेला: तुमचे रेटिंग काय? तिथे ओळखीच्या कुणासाठी नर्सिंग होम शोधताना त्याने सरकारी संकेतस्थळावर एक ते पाच तारे पाहिलेले असतात. इथे त्याला गूगलवरचे तारे मिळतात. त्याखाली बागेचे फोटो, गणपतीतल्या भजनाचा व्हिडिओ आणि ‘स्टाफ खूप चांगला आहे’ असा एका ओळीचा अभिप्राय. आपल्यातल्या अनेक संचालकांना हा प्रश्न खटकतो. सेवेला कसले आलेत तारे, असे ते म्हणतात. आम्हाला मात्र तो रास्त वाटतो. रात्री दोन वाजता आईची कूस कोण बदलणार हे ठाऊक नसताना पैसे भरणाऱ्याने काहीतरी विचारायलाच हवे. उत्तर कोणत्या कागदावरून द्यायचे, एवढेच ठरवायचे आहे.

अमेरिकेत हा कागद ठरता ठरता बरीच वर्षे गेली. 1987 च्या कायद्याने रहिवाशांना शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधून ठेवायला मनाई केली आणि प्रत्येकाचे ठरावीक नमुन्यात मूल्यमापन बंधनकारक केले. 1998 मध्ये केंद्रांची तुलना लोकांसाठी खुली झाली, डिसेंबर 2008 मध्ये तारे आले. ते तीन गोष्टींवरून पडतात: तपासणी पथकाला सापडलेल्या त्रुटी, कर्मचाऱ्यांचे तास, आणि बेडसोअर, पडणे, कॅथेटर, औषधे अशी प्रकृतीची मापे. तपासणीचे तारे राज्यापुरतेच असतात. राज्यातल्या वरच्या दहा टक्क्यांना पाच, तळाच्या वीस टक्क्यांना एक. त्यामुळे दोन राज्यांतली केंद्रे ताऱ्यांवरून ताडून पाहू नका, असे सरकार स्वतःच सांगते.

तपासणीचा कागद बाहेरचा माणूस भरतो. प्रकृतीच्या मापांतला बराचसा भाग मात्र केंद्र स्वतः भरते, आणि गोम इथेच आहे. शिकागो विद्यापीठाच्या प्राची संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 ते 2015 या काळातली मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याची रुग्णालयीन बिले तपासली. नर्सिंग होममधला रहिवासी पडला, गंभीर इजा झाली, रुग्णालयात दाखल करावे लागले, असे प्रसंग त्यांनी बिलांतून वेचले आणि केंद्रांनी पाठवलेल्या नोंदींशी जुळवून पाहिले. केंद्रांनी कळवलेले निघाले 57.5 टक्के. बाकीच्यांच्या मोडलेल्या हाडांचे बिल सरकारने चुकते केले होते, आणि केंद्राच्या लेखी ते पडलेच नव्हते.

औषधांची गोष्ट याहून बोचरी आहे. डिमेन्शिया झालेल्या वृद्धांना मनोविकारावरची काही औषधे दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा तिथल्या औषध नियामकाने 2005 मध्ये दिला. 2015 पासून या औषधांचा वापर ताऱ्यांत मोजला जाऊ लागला, मात्र स्किझोफ्रेनिया असलेले रहिवासी त्यातून वगळले होते. पुढे काय झाले असेल ते आपल्या वाचकांना सांगायला नको. आयुष्यभर ज्यांना हा आजार नव्हता त्यांच्या केसपेपरवर उतारवयात स्किझोफ्रेनिया उमटू लागला. न्यूयॉर्क टाइम्सने 2021 मध्ये हे चव्हाट्यावर आणले, आणि 2023 मध्ये सरकारने अशा निदानांची फेरतपासणी हाती घेतली. आपल्याकडे हे माप नाही, त्यामुळे तसली निदानेही नाहीत. त्याच औषधांपैकी क्वेटियापिनची संध्याकाळची गोळी मात्र आहे. ती आजोबांसाठी दिली जाते की रात्रपाळीला एकट्या असलेल्या मावशींसाठी, हे गोळ्यांच्या डब्या भरताना प्रत्येक सिस्टरने मनाशी विचारावे.

आम्हाला सर्वांत जास्त शिकवून गेला तो तासांचा हिशेब. आधी तोही केंद्राच्या शब्दावर चालायचा. तपासणीच्या वेळी मागच्या दोन आठवड्यांचे तास एका अर्जावर भरून द्यायचे. तपासणी साधारण वर्षातून एकदा, आणि ती कधी येणार याचा वास लागतोच. 2016 च्या जुलैपासून रोजचे तास थेट पगारपत्रकावरून पाठवणे सक्तीचे झाले, आणि 2018 पासून तारे त्यावरून पडू लागले. आकडे बाहेर आल्यावर हार्वर्डचे डेव्हिड ग्रॅबोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये ते मांडले. शनिवार-रविवारी नोंदणीकृत परिचारिकांचे तास घसरत होते. तपासणीच्या सुमारास तास चढत होते आणि पथकाची पाठ फिरली की उतरत होते. कामावर नसलेल्या माणसाचा पगार काढणे कुठल्याच मालकाला परवडत नाही, म्हणून हा कागद बाकीच्यांपेक्षा कमी फसवतो. ग्रॅबोव्स्की सहलेखक असलेल्या 2021 च्या आणखी एका अभ्यासात शुश्रूषा कर्मचाऱ्यांनी नोकरी सोडण्याचे वार्षिक प्रमाण सरासरी सुमारे 128 टक्के निघाले. काही जागा वर्षात दोन-दोनदा रिकाम्या झाल्याशिवाय हा आकडा शंभरावर जात नाही. ज्या आजींना कोणत्या कुशीवर झोप लागते हे मावशींना समजायला महिना लागतो, त्यांना तोवर नवी मावशी येते. 2022 पासून शनिवार-रविवारचे तास आणि सोडून जाण्याचे प्रमाण, दोन्ही ताऱ्यांत धरले जातात. मोजण्याची सोय झाली म्हणून माणसे वाढली असे मात्र नाही: प्रत्येक रहिवाशामागे रोज किमान 3.48 तास हा 2024 चा केंद्रीय नियम 2025 मध्ये टेक्सासमधल्या संघराज्य न्यायालयाने रद्द ठरवला.

आता आपल्याकडे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यागणिक किमान एक, दीडशे निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम आहे. खासगी केंद्रांच्या दर्जाची तुलना त्यात नाही. उद्या कोणी ती घाईने केलीच, तर लिफ्ट, सीसीटीव्ही आणि अग्निशमनाचे प्रमाणपत्र मोजले जाईल, कारण ते एका फेरीत मोजून होते. त्याआधी आपणच हजेरीपटापासून सुरुवात करावी असा आमचा आग्रह आहे.

हिशेब अवघड नाही. तीस रहिवासी आहेत. बारा तासांच्या पाळ्या, दिवसा तीन आणि रात्री दोन मावशी-मामा. रोजचे साठ तास, प्रत्येकाच्या वाट्याला दोन. रविवारी दिवसपाळीची एक मावशी आली नाही, ब्यूरोने बदली पाठवली नाही, की 48 तास उरतात आणि वाटा 1.6 वर येतो. सकाळी पोळ्या लाटणाऱ्या किंवा फरशी पुसणाऱ्या मावशीचे तेवढे तास वजा करायचे. संचालक स्वतः राबतात तेही तास धरावेत, पण मस्टरवर सही करून. हा आकडा अमेरिकेच्या 3.48 शेजारी ठेवू नका. तिथे परिचारिका आणि प्रशिक्षण घेतलेले सहायकच मोजले जातात. तो आपल्याच मागच्या सहा महिन्यांशेजारी ठेवावा, आणि सोमवारचा रविवारशेजारी.

बेडसोअरची तुलना मात्र तासांइतकी सरळ नाही. ‘स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश’ अशी अट घालणाऱ्या केंद्रात बेडसोअर नसणारच. आयसीयूतून रायल्स ट्यूब आणि कॅथेटरसकट आलेल्या रुग्णाला जो दाखल करून घेतो, त्याच्या रजिस्टरमध्ये जखमा दिसतील, आणि दोघांची एका फूटपट्टीने तुलना केली तर पुढच्या वेळी तोही दार लावून घेईल. म्हणून दाखल होतानाच नातेवाइकांसमोर माकडहाड, खुबे, टाचा, कोपर पाहून आकृतीवर खूण करावी, संमतीने फोटो घ्यावा, सही घ्यावी. जखम सोबत आली की इथे झाली, हे दोन रकाने वेगळे असले तरच पुढची तुलना न्याय्य होईल. रुग्णालयातून परतलेल्या रहिवाशालाही हीच तपासणी, कारण चार दिवसांच्या भरतीतही नवी जखम होते आणि मग ती कोणाची यावर वाद होतात.

पडण्याच्या नोंदीत शून्य दिसले तर आम्ही खूश होत नाही. ओढणीने खुर्चीला बांधलेला माणूस पडत नाही, दिवसभर पलंगाचे कठडे वर केलेलाही सहसा पडत नाही. पडल्याबद्दल मावशींचा पगार कापणाऱ्या केंद्रातही रजिस्टर कोरेच राहते. म्हणून या नोंदीला साक्षीदार लागतो: रुग्णवाहिकेचे बिल, एक्स-रेचा कागद, डिस्चार्ज कार्ड. महिन्यातून एकदा कोणीतरी, शक्यतो नोंदी न लिहिणाऱ्या माणसाने, हे कागद रजिस्टरशी ताडावेत. आणि महिन्याच्या आकड्यावरून कोणाला शाबासकी किंवा बोलणी देऊ नयेत. तीस खाटांचे महिन्याला नऊशे रहिवासी-दिवस होतात. एक आजी बाथरूममध्ये घसरली की दर शून्यावरून हजारी 1.1 वर जातो, त्याला काही अर्थ नसतो. बारा महिन्यांचे एकत्र करून पाहिले तर थोडाफार कल कळतो.

रजिस्टरचा एक नमुना या अंकाच्या शेवटच्या पानांत दिला आहे. आपापल्या केंद्राच्या सोयीने तो बदलायला हरकत नाही. रविवारचा रकाना तेवढा काढू नये.